जावा ८ वरून २१ वर: कापसाच्या हंगामात बसवलेलं एक स्थलांतर

हिंगणघाट ते वणी या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने रस्त्याला लागूनच दिसतात. मांडणी बहुतेकांची सारखी: फाटकाशी वजनकाटा, त्याला चिकटून काच लावलेली खोली, पुढे कापसाच्या गंज्या, मागे रेचे (सरकी वेगळी करणारी यंत्रं) आणि प्रेस. आतलं सॉफ्टवेअरही बरंचसं सारखंच असतं आणि त्याची दुखणीही. खालचं प्रकरण अशा कारखान्यांत जे आढळतं ते एका कारखान्याभोवती जुळवून लिहिलं आहे, म्हणून कारखान्याला नाव नाही आणि सॉफ्टवेअर देणाऱ्यालाही नाही. जावा, म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलं आहे ती भाषा आणि ते चालवणारा संच; त्याच्या आवृत्त्या, त्यांच्या तारखा आणि त्यांतले बदल मात्र जसेच्या तसे आहेत.

मे २०२५. हंगाम संपलेला, रेचे उघडून ठेवलेले, आवारात सरकीचा वास तेवढा उरलेला. नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्याचं पत्र आलं: २०२६ च्या हंगामापासून आमची नवी प्रणाली जावा १७ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवरच चालेल, जुन्या प्रणालीची देखभाल त्यानंतर मिळणार नाही. कारखान्यात तेव्हा जावा ८ होता.

शेठजींनी विचारलं, "जे चालू हाय ते बंद पडलं का? नाही ना. मंग कायले हात लावता?" त्यांचा मुलगा नुकताच अभियांत्रिकी करून आलेला. त्याचं म्हणणं उलट टोकाचं: सप्टेंबरात जावा २५ येतोय, एकदाच काय ते करायचं तर तोच टाकू. आणि दिवाणजी एवढंच म्हणाले, "दसऱ्यानंतर कोणी हात लावाचा नाही, बस."

पुढे जे ठरलं त्यात दिवाणजींच्या अटीचा वाटा सर्वांत मोठा होता.

शेठजींचा प्रश्न चुकीचा नव्हता

जावा ८ मार्च २०१४ चा. जुना आहे, पण मेलेला नाही. ओरॅकलने व्यावसायिक वापरासाठी त्याचे मोफत सुधार जानेवारी २०१९ नंतर बंद केले, तरी त्याच मुक्त स्रोतावरून बांधलेले टेम्युरिन, कोरेटो, झुलू हे संच ८ साठी आजही सुरक्षा-सुधार देतात. म्हणजे "८ वर आहात म्हणून असुरक्षित आहात" हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य अर्धंच खरं. इथली खरी अडचण अशी की कारखान्यातला ८ हा २०१९ च्या जानेवारीतच थांबलेला होता. त्यानंतर कोणी काही बसवलंच नव्हतं.

त्याहून मोठी अडचण ८ च्या भोवती होती. वेब भाग टॉमकॅट ८.५ या जावाच्या वेब सर्व्हरवर चालायचा, ज्याचे सुधार मार्च २०२४ अखेर संपले. त्याच्या आत स्प्रिंग ४.३, म्हणजे जावा कार्यक्रमांचा तयार सांगाडा. माहितीसाठा मायएसक्यूएल ५.६, तो फेब्रुवारी २०२१ मध्ये निवृत्त. काट्याच्या खोलीतला संगणक ३२-बिट विंडोज ७ वर, ज्याची साथ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये सोडली. पत्रात नाव जावाचं होतं, पण सगळ्यांत धोक्याचा तो नव्हता. आवृत्तीच्या आकड्यावरून नियोजन सुरू केलं की हे दिसत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत फळ्यावर जावा लिहिलाच नाही. कोणती वस्तू सगळ्यांत कमी हलू शकते, तिच्यापासून सुरुवात केली. ती वस्तू होती काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारा डबा.

इंडिकेटरवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो आणि त्याची दरवर्षी पडताळणी होते. त्याच्या आत कोणी हात घालत नाही, घालूही नये. मागून एक सिरीयल केबल निघते, त्यावर वजनाचे आकडे एकामागून एक येत राहतात. संगणकाने ते फक्त वाचायचे. बाकी काहीही बदला, ही तार जे बोलते ते ऐकता आलंच पाहिजे.

सप्टेंबर आणि दसरा

२०१८ पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चात आणि सप्टेंबरात येते. त्यातली काहीच दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस: ११ सप्टेंबर २०१८ मध्ये, १७ सप्टेंबर २०२१ मध्ये, २१ सप्टेंबर २०२३ मध्ये, २५ सप्टेंबर २०२५ मध्ये. आधी तीन वर्षांचं अंतर होतं, १७ नंतर ओरॅकलने ते दोन वर्षांवर आणलं. पुढची २९, अपेक्षेप्रमाणे सप्टेंबर २०२७.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दीर्घ मुदतीची साथ ही जावा भाषेच्या अंगचा गुण नाही, ते प्रत्येक पुरवठादाराचं वेगळं वचन आहे. एकच आवृत्ती ओरॅकलकडे एका तारखेपर्यंत, टेम्युरिनकडे दुसऱ्या. टेम्युरिनने १७ ला किमान ऑक्टोबर २०२७ पर्यंत आणि २१ ला किमान डिसेंबर २०२९ पर्यंत साथ जाहीर केली आहे. "आम्ही एलटीएसवर आहोत" एवढं ऐकून थांबू नये. कोणाच्या एलटीएसवर, हे विचारावं.

आता हे कॅलेंडर कापसाच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, दिवाळीनंतर फाटकाबाहेर मेटाडोर आणि ट्रॅक्टरची रांग लागते ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत हटत नाही. म्हणजे एलटीएस नेमकी अशा महिन्यात येते, जेव्हा जिनिंगमध्ये ती बसवण्याचा विचारही करायचा नसतो. हे गैरसोयीचं वाटतं, पण आम्हाला ते फायद्याचं ठरलं. सप्टेंबरात आलेल्या आवृत्तीला ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल असे तीन तिमाही सुधार मिळून जातात, मग मे-जूनमध्ये आपण ती हातात घ्यायची. तोवर वाचनालयं (लायब्ररी, म्हणजे कार्यक्रमात जोडायचे तयार भाग), टॉमकॅट, अहवालाची साधनं यांनीही तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यात आपोआप मिळालं: २५ चा प्रश्न २०२५ साली उद्भवतच नाही.

उरले १७ आणि २१. ११ वर थांबण्यात अर्थ नव्हता. पत्रातच १७ मागितला होता. १७ घ्यावा असं सॉफ्टवेअरवाल्याचं मत, कारण त्याची चाचणी १७ वर झालेली. मी २१ च्या बाजूने होतो. १७ घेतला तर दोन हंगामांत पुन्हा हाच खटाटोप, आणि २१ वर जे तुटतं त्यातलं बहुतेक १७ वरही तुटतंच, तर एकदाच तुटू द्यावं. त्याने २१ वर चाचणी घेण्याची तयारी दाखवली तेव्हा तो मुद्दा मिटला.

कोणाचा २१, हा निर्णय मात्र मिनिटाचा होता. ओरॅकलचा जेडीके (जावाचा विकसन-संच) २१ सध्या मोफत मिळतो, पण पुढची एलटीएस आल्यानंतर वर्षभराने त्याचे मोफत सुधार थांबतात, म्हणजे सप्टेंबर २०२६. १७ चे असेच सप्टेंबर २०२४ मध्ये थांबले. त्यापुढे सशुल्क वर्गणी. जानेवारी २०२३ पासून ती किती संगणकांवर जावा आहे यावर मोजत नाहीत, संस्थेत एकूण माणसं किती यावर मोजतात. हजारापर्यंत माणसं असतील तर जाहीर दर माणशी महिना १५ डॉलर. त्या मोजणीत अर्धवेळ आणि हंगामी माणसंही येतात, कामात हातभार लावणाऱ्या कंत्राटदाराचीही. हे शेठजींना समजावलं तेव्हा ते हसले: "म्हंजे गाठी उचलणाऱ्या हमालाचेही पैसे लागतीन?" टेम्युरिन ठरलं.

काय काय तुटणार

जेडीकेसोबत जेडेप्स नावाचं साधन येतं. संकलित कार्यक्रमावर ते चालवलं की जावाच्या आतल्या, बाहेरच्यांनी वापरू नयेत अशा कोणत्या गोष्टी वापरल्या आहेत त्याची यादी मिळते. इथली यादी अपेक्षेप्रमाणे निघाली. जुना बेस-६४ सांकेतक, जो ९ मध्ये गेला आणि ज्याचा अधिकृत पर्याय ८ मध्येच आलेला आहे. एक्सएमएल फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी वापरलेलं जेएक्सबी, जे ११ पासून जावात नाही, वेगळं जोडावं लागतं. अहवालाचं एक जुनं वाचनालय, जे जावाच्या आतल्या वर्गांत डोकावतं. १६ पासून ते दार डिफॉल्टने बंद असतं आणि १७ मध्ये सरसकट उघडण्याची सोयही काढली. ही सगळी कामं कंटाळवाणी, पण सरळ. त्यांच्यावर अधिक लिहीत नाही.

जेडेप्सला जे दिसलं नाही, ते जास्त महाग होतं.

कापसाच्या ओलाव्यावर दर कापला जातो. भारतीय कापूस निगमाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला त्या प्रमाणात कपात, बारानंतर खरेदी नाही. २०२४-२५ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने बोलायचं तर ७,५२१ रुपयांवर दहा टक्के ओलाव्याला १५०.४२ रुपये कपात, दर पडतो ७,३७०.५८. खाजगी खरेदीत प्रत्येक शेठचा आपला हिशेब असतो, पण पद्धत हीच. हे सूत्र दरवर्षी थोडं बदलतं, म्हणून कार्यक्रमकाराने ते जावामध्ये न लिहिता जावास्क्रिप्टच्या दोन-चार ओळींत लिहून माहितीसाठ्यात ठेवलं होतं आणि ते चालवायला जावासोबत येणारं नॅशहॉर्न इंजिन वापरलं होतं. कल्पना हुशारीची. फक्त नॅशहॉर्न ११ मध्ये कालबाह्य ठरलं आणि १५ मध्ये काढून टाकलं गेलं. इंजिन त्याच्या नावाने, साध्या मजकुरातून मागवलेलं असल्याने जेडेप्सला त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. २१ वर तो भाग तक्रार न करता संकलित व्हायचा, सुरूही व्हायचा आणि पहिल्या पावतीला कोसळायचा.

नॅशहॉर्न आता वेगळं जोडता येतं, तो सोपा मार्ग होता. पण दरवर्षी बदलणाऱ्या चार ओळींसाठी एक अख्खं इंजिन पुढच्या प्रत्येक एलटीएसपर्यंत ओढत न्यायचं, हे मला पटलं नाही. सूत्र साध्या जावामध्ये, दशांश अचूक ठेवणाऱ्या प्रकारात लिहिलं आणि बदलणारे आकडे तेवढे तक्त्यात ठेवले.

मग मागच्या हंगामातल्या सगळ्या काटापट्ट्या नव्या सूत्रातून पुन्हा काढल्या. बहुतेक जुळल्या, काहींत एका पैशाचा फरक. कारण जावास्क्रिप्ट संख्या द्विमान पद्धतीने ठेवते: तिथे १.००५ ला १०० ने गुणलं तर १००.५ येत नाही, १००.४९९९९९९९९९९९९९ येतं, आणि गोल करताना पैसा खाली जातो. नवं सूत्र बरोबर होतं, जुनं चुकत होतं. तरी "बरोबर" म्हणून सोडून देता येत नव्हतं, कारण मागचे हिशेब जुन्या आकड्यांवर बंद झालेले. हा प्रश्न तंत्राचा नव्हता, दिवाणजींचा होता. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला: जुन्या पावत्या जशा छापल्या तशाच राहतील, पुन्हा छापताना साठवलेली रक्कमच छापायची, नव्याने हिशेब करायचा नाही. नवीन पट्ट्या नव्या सूत्राने. हा नियम सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असायला हवा होता, हेही त्यामुळे कळलं. तिथे पुनर्छपाईला दर वेळी नवा हिशेब होत होता.

एका चिन्हाची तीन रूपं

यातली माझी आवडती गोष्ट पावतीवरच्या रुपयाची.

काट्यावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, कार्बनच्या तीन प्रती निघतात म्हणून. कार्यक्रम त्याला सरळ मजकूर पाठवतो, चित्र नाही. रक्कम लिहायला जावाची भारतीय चलनाची तयार मांडणी वापरलेली. जावा ८ त्यात रोमन आर, एस आणि टिंब लिहायचा. जावा ९ पासून प्रादेशिक माहिती सीएलडीआर या आंतरराष्ट्रीय संचातून येते, आणि त्यात भारतीय रुपयासाठी ₹ हे चिन्ह आहे. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं; प्रिंटरच्या अक्षरतक्त्यात ते असण्याचा प्रश्नच नाही.

१७ वर चाचणी पावती काढली तर रकमेआधी प्रश्नचिन्ह. २१ वर तीच पावती काढली तर प्रश्नचिन्ह गेलं आणि तीन अनोळखी खुणा आल्या: एक ग्रीक अक्षर, एक स्वरचिन्ह दिलेलं लॅटिन अक्षर, एक चौकटीचा तुकडा. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं त्याला प्रिंटरच बिघडला असं वाटलं. प्रत्यक्षात मध्ये जावा १८ येऊन गेला होता. १८ पासून जावा, काही सांगितलं नाही तर, मजकूर यूटीएफ-८ या युनिकोडच्या सांकेतात लिहितो. त्याआधी विंडोजच्या चालू सांकेतात, इथे विंडोज-१२५२ मध्ये. १२५२ मध्ये ₹ नाही म्हणून प्रश्नचिन्ह. यूटीएफ-८ मध्ये ₹ चे तीन बाइट होतात आणि प्रिंटर आपल्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यातून तिघांना तीन वेगळी अक्षरं देतो.

यावर एक झटपट तोडगा इंटरनेटवर सगळीकडे सापडतो: सुरू करताना जावाला जुनी प्रादेशिक माहिती वापरायला सांगा. २१ वर तो चालतो, फक्त एक सूचना दाखवतो. पण ती जुनी माहिती जावा २३ मध्ये काढून टाकली आहे. म्हणजे हा तोडगा २१ वर नेऊन सोडतो आणि २५ च्या दारात उभा राहतो. असले ध्वज (जावाला सुरू करताना द्यायच्या सूचना) म्हणजे उसनवारी, फेडीची तारीख ठरलेली असते. आम्ही तो नाकारला. पावतीवरचं चलनचिन्ह कार्यक्रमातच ठामपणे लिहिलं आणि प्रिंटरकडे जाणाऱ्या मजकुराचा सांकेतही. (लाख-कोटींचे स्वल्पविराम जावाच्या मूळ मांडणीला आजही जमत नाहीत, त्यासाठी कार्यक्रमकाराने हाताने लिहिलेली पद्धत होती, तिला कुठल्याच आवृत्तीने धक्का लावला नाही.)

त्याच १८ च्या बदलाचा दुसरा फटका शेतकऱ्यांच्या नावांना बसणार होता. जुन्या सभासद-याद्या युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या. त्या फाइलींत मराठी नसतंच, लॅटिनची वरच्या टोकाची अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. यूटीएफ-८ समजून वाचल्या की त्यातले कितीतरी बाइट अवैध ठरतात आणि त्यांच्या जागी एकच ठरावीक बदली चिन्ह बसतं. नाव परत मिळवता येत नाही. त्या याद्या १२५२ असं स्पष्ट सांगून वाचल्या, युनिकोडमध्ये बदलल्या आणि गावोगावच्या नावांची तपासणी काटेवाल्या भाऊंनी स्वतः केली. मानकर, मानेकर, मांडवकर यांच्यातला फरक त्यांना जितका माहीत, तितका कुठल्याही रूपांतरकाला नाही.

एक बदल मात्र सगळ्यांना आवडला. शेतकऱ्याला जाणारा संदेश मराठी मांडणीतून तयार व्हायचा. ८ कडे मराठीची माहितीच नव्हती म्हणून आकडे इंग्रजी यायचे. नव्या संचात मराठीचे आकडे देवनागरी आहेत. संदेशातली रक्कम आपोआप देवनागरीत आली. दिवाणजी म्हणाले, राहू द्या. बँकेला जाणाऱ्या फाइलीत तसं होऊ नये एवढी खबरदारी घेतली.

क्रम

उन्हाळ्यातल्या कामाचा नियम एकच ठेवला: जुन्या आणि नव्या दोन्हीवर चालेल असा बदल आधी, आणि एका वेळी एकच.

सगळ्यांत आधी ८ चाच ताजा टेम्युरिन चाचणी-यंत्रावर टाकला, आणि तिथेच पहिली ठेच लागली. माहितीसाठ्याशी जोडणीच होईना. एप्रिल २०२१ च्या सुधारापासून जावा ८ ने टीएलएस, म्हणजे जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या डिफॉल्टने बंद केल्या आहेत, आणि कारखान्यातल्या मायएसक्यूएल ५.६ ला त्यापुढचं येत नव्हतं. एकाच एलटीएसच्या आतही गोष्टी बदलतात, हे इथे सगळ्यांनी पाहिलं. माहितीचा डम्प (पूर्ण प्रत) काढून तो मायएसक्यूएल ८.४ मध्ये भरला. ही मायएसक्यूएलची स्वतःची दीर्घ मुदतीची मालिका, एप्रिल २०२४ ची.

मग काटा. वजन वाचायला आरएक्सटीएक्स हे जुनं वाचनालय होतं, त्याची डीएलएल (विंडोजची जोड-फाइल) ३२-बिट. ३२-बिट डीएलएल ६४-बिट जावामध्ये चढत नाही, आणि ३२-बिट विंडोजची जावा आवृत्ती २१ मध्ये कालबाह्य, २४ मध्ये रद्द. इथे कोंडी होती. जेसिरीयलकॉम हे दुसरं वाचनालय ३२ आणि ६४ दोन्हींसाठी लागणारं सगळं पोटात घेऊन येतं आणि जावा ८ वरही चालतं. ते आधी जुन्याच संगणकावर, जुन्याच जावावर बसवलं. पावसाळ्यात सरकीच्या गाड्या अधूनमधून काट्यावर येतात, त्यांच्यावर ते तपासलं. मगच संगणक बदलला: ६४-बिट, विंडोज ११, कारण विंडोज १० ची साथही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर.

नव्या संगणकाला सिरीयल पोर्ट नव्हता. बाजारातून स्वस्तातला यूएसबी परिवर्तक आणला, त्यात प्रॉलिफिकची जुनी पीएल-२३०३ चिप निघाली. विंडोज ११ चा ड्रायव्हर तिला ओळखतो आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी बोला, असा संदेश दाखवून काम नाकारतो. एफटीडीआय चिपचा परिवर्तक घेतला. जावाच्या नियोजनात दहा बैठका घेणारी मंडळी या तारेचा विचार करत नाहीत. आणि हंगामात गाडी अडते ती इथेच.

काट्याच्या कार्यक्रमाला जावा वेगळा बसवायचा नाही, असं ठरवलं. जेडीकेतल्या जेलिंक या साधनाने लागणारे तेवढे भाग घेऊन २१ चा छोटा संच कार्यक्रमासोबतच बांधला. यामुळे कोणीतरी अद्ययावत करण्याच्या खिडकीवर टिचकी मारून काटा बंद पाडण्याची शक्यता गेली. त्याची किंमत अशी की जावाचे तिमाही सुधार आता सॉफ्टवेअरवाल्याने नवा संच बांधून द्यायचे. ते वार्षिक देखभाल करारात लिहून घेतलं. त्याच करारात आणखी एक कलम टाकलं: नवी एलटीएस आल्यानंतर पुढच्या मेपर्यंत, आपली प्रणाली तिच्यावर चालते की नाही हे त्याने लेखी कळवायचं.

कार्यालयातल्या सर्व्हरवर वाद झाला. सॉफ्टवेअरवाल्याला जावा २१ आणि आपली स्प्रिंग बूट ३ वरची नवी प्रणाली एकाच वेळी आणायची होती. स्प्रिंग बूट ३ ला किमान १७ लागतो आणि त्यात जावएक्स नावाचे सगळे संदर्भ जकार्ता होतात. टॉमकॅटही १० मालिकेतला लागतो. एका हंगामाआधी एवढं सगळं नको, असं मी म्हटलं. शेवटी जुनी प्रणाली स्प्रिंग ५.३ वर आणली, जी ८ पासून २१ पर्यंत चालते, आणि टॉमकॅट ९ वर, जिथे जुनी नावं तशीच राहतात. स्प्रिंग ५.३ चे मोफत सुधार ऑगस्ट २०२४ मध्ये थांबलेत, हे माहीत असून हा हंगाम तिच्यावर काढायचं ठरलं. सर्व्हर बाहेरून कोणालाही दिसत नाही, फक्त ई-इन्व्हॉइसपुरता बाहेर जातो. तो दरवाजा तेवढाच ठेवला. ज्या कारखान्याचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे त्याने हा मार्ग धरू नये.

परतीची वाटही याच निवडीने मिळाली. जेडीके २१ च्या संकलकाला ८ साठीच बांध असं सांगता येतं. तो कुरकुरतो, पण बांधतो. त्यामुळे एकच तयार फाइल ८ वरही चालायची आणि २१ वरही. पोळ्याच्या आठवड्यात सर्व्हर २१ वर गेला, ८ शेजारीच ठेवला. परत जायचं तर सेवा थांबवून एक मार्ग बदलायचा, बस. हे दिवाणजींना एकदा करून दाखवलं, मग त्यांनी स्वतः करून पाहिलं. ते जमल्यावरच त्यांनी होकार दिला.

हंगामात

दसरा २ ऑक्टोबरला झाला, त्याआधी बदलांना कुलूप लागलं. ऑक्टोबरचा जावाचा सुधार २१ तारखेला आला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. तो चाचणी-यंत्रावर घेतला, काट्यावर नाही. त्यात आपल्याला लागू पडणारं, बाहेरून घुसता येईल असं काही आहे का एवढं बघून पुढे जायचं, असा नियम होता. हंगामात सुधार टाकायचेच नाहीत असा नियम मात्र केला नाही. लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा-वाचनालयातलं २०२१ चं खिंडार डिसेंबरातच उघडं पडलं होतं, भर हंगामात. तशी वेळ आली तर रविवारी रात्री काटा बंद ठेवायची शेठजींची तयारी आधीच घेऊन ठेवली.

अडलं एकदाच. काट्याच्या खोलीत झाडलोट करताना परिवर्तक काढून दुसऱ्या खाचेत लावला गेला, पोर्टचा क्रमांक बदलला आणि वजन येईना. बाहेर मेटाडोरची रांग. काटेवाल्या भाऊंनी इंडिकेटरवरचा आकडा बघून हाताने पट्ट्या फाडल्या, जशा पूर्वी फाडत. त्याच दिवशी कार्यक्रम क्रमांकाऐवजी उपकरणाच्या वर्णनावरून पोर्ट शोधेल असा बदलला.

एक ध्वज अजून चालू आहे: अहवालाच्या त्या जुन्या वाचनालयासाठी जावाच्या आतला एक कप्पा उघडा ठेवलेला. त्याची नोंद वहीत आहे, काढायची जबाबदारी कोणाची तेही, आणि मुदत म्हणजे नवी प्रणाली येईल तो उन्हाळा.

आता २०२६ च्या उन्हाळ्याचा प्रश्न आहे. नवी प्रणाली येणार; स्प्रिंग बूट ४ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, त्यालाही किमान १७ च लागतो, म्हणजे २१ पुरतो. मुलाला त्यासोबतच २५ वर जायचं आहे, आणि एप्रिलपर्यंत २५ ला तीन सुधार मिळालेले असतील, म्हणजे आमच्याच नियमात तो बसतो. तरी माझं मत विरोधात आहे. प्रणाली आणि जावा एकाच उन्हाळ्यात बदलले तर बिघाड कोणाचा हे कळणार नाही, आणि २१ ला डिसेंबर २०२९ पर्यंत वेळ आहे. या उन्हाळ्यात प्रणाली, २१ वरच. २५ हा २०२७ मध्ये घ्यावा, किंवा तो सोडून २९ ची वाट बघून २०२८ च्या मे महिन्यात थेट तिकडे जावं, हे नव्या प्रणालीचा पहिला हंगाम कसा जातो त्यावर ठरेल. सॉफ्टवेअरवाल्याचं २५ बद्दलचं लेखी उत्तर मेपर्यंत यायचं आहे.